विश्लेषण : शिष्यवृत्ती जमा झाली, पण खात्यात पैसे कमी का?

शिष्यवृत्ती जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा संदेश येतो, पैसे कापल्याचा. कारण म्हणून इंग्रजी आद्याक्षरे, पुढे रक्कम. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरसारख्या गावातून चिखली, बुलढाणा, खामगाव, शेगाव किंवा थेट पुण्याला शिकायला गेलेल्या मुला-मुलींना हा दुसरा संदेश नवा नाही. बँकेत विचारायला जावे, तर ‘सिस्टीमने कापले’ एवढेच उत्तर मिळते. सिस्टीम मनाने काही कापत नाही. खाते कोणत्या प्रकारात नोंदले आहे, त्यावरून ती कापते. विद्यार्थ्याचे पैसे जातात की वाचतात, हे बहुतेक वेळा त्या एका नोंदीवर ठरते आणि ती नोंद बदलून घेता येते.

पाचशे-हजार रुपयांचा प्रश्न एवढा मोठा का?

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. पूर्वी शुल्काची रक्कम महाविद्यालयाकडे जात असे. नव्या पद्धतीत केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यातला महाविद्यालयाच्या शुल्काचा भाग विद्यार्थ्याने सात दिवसांत महाविद्यालयात भरायचा असतो. म्हणजे खात्यात आलेली सगळी रक्कम विद्यार्थ्याची नसते. त्यातली बरीचशी महाविद्यालयाची असते आणि काही दिवसांपुरती त्याच्या खात्यात थांबलेली असते. मधेच बँकेने जुने शुल्क वसूल केले, तर तेवढी रक्कम घरून आणावी लागते. सोयाबीन विकायचे आहे, कापूस घरात पडून आहे, अशा दिवसांत हजार रुपये घरून मागणे सोपे नसते.

स्वाधार योजना किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचे पैसेही खात्यातच येतात. तिथे कपात झाली, तर खानावळीचा किंवा खोलीभाड्याचा महिना ओढाताणीचा जातो.

ओव्हरड्राफ्ट आणि उणे शिल्लक एकच का?

नाही. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात नसलेले पैसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढण्याची बँकेने दिलेली मुभा. ते कर्ज असते आणि त्यासाठी आधी मंजुरी लागते. ब्रिटनमध्ये मोठ्या बँका विद्यापीठात शिकणाऱ्यांना अशी बिनव्याजी मुभा देतात. मर्यादेपलीकडे गेल्यास तिथेही मोठा दंड बसे. त्याविरुद्ध हजारो ग्राहकांनी पैसे परत मागितले, पण नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. अखेर नियामकाने एप्रिल २०२० पासून अशा ठोक दंडावर बंदी आणली.

आपल्याकडे सामान्य बचत खात्यावर विद्यार्थ्याला अशी मुभा नसते. जनधन खात्यावर १० हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे. २०१८ मध्ये ही मर्यादा पाच हजारांवरून वाढवण्यात आली आणि दोन हजारांपर्यंत विशेष अटी नाहीत. पण ही सोय कुटुंबात एकालाच मिळते आणि शक्यतो घरातल्या बाईच्या खात्यावर दिली जाते. अज्ञान मुलांच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट देताच येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे खाते चालवू देण्याची मोकळीक दिली, तेव्हाही ही खाती कायम जमेतच राहतील, अशी अट स्पष्टपणे घातली.

तेव्हा अमडापूरच्या विद्यार्थ्याला खात्यात जे ‘मायनस’ दिसते, तो ओव्हरड्राफ्ट नसतो. त्याने एक रुपयाही जास्त काढलेला नसतो. बँकेनेच लावलेल्या शुल्काची ती उधारी असते.

ही उधारी तयार कशी होते?

समजा, एका खासगी बँकेच्या शाखेत सरासरी किमान शिल्लक २,००० रुपये आहे. ती राखली नाही, तर तुटीच्या सहा टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. विद्यार्थिनीच्या खात्यात ३०० रुपये आहेत. पहिल्या महिन्यात सुमारे १२० रुपये जातात, दुसऱ्या महिन्यात १२९. उरतात ५१. तिसऱ्या महिन्याचे शुल्क १३८ रुपये होते, म्हणजे खाते शून्यावर येते आणि ८७ रुपये बाकी राहतात. पुढे दर महिन्याला १४१ रुपये ६० पैसे चढत जातात. दहाव्या महिन्याच्या शेवटी शिष्यवृत्ती आली, तर तोवर १,०७८ रुपये थकलेले असतात. या काळात तिने खात्याला हातही लावलेला नसतो.

यावर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. किमान शिल्लक नसल्याच्या शुल्कामुळे, केवळ त्या कारणाने, बचत खाते उणे होता कामा नये. शिल्लक कमी झाली की बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे. शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा. त्यानंतरच शुल्क लावायचे आणि तेही तुटीच्या प्रमाणात. तूट शंभर रुपयांची असो की दोन हजारांची, सरसकट एकच दंड लावता येत नाही.

हा नियम बँका पाळतात, पण आपल्या पद्धतीने. पासबुकात शिल्लक शून्य दिसते, उणे दिसत नाही. न मिळालेले शुल्क मात्र संगणकात वेगळे नोंदून ठेवले जाते आणि पैसे आले की वसूल केले जाते. नियमाचे अक्षर शाबूत राहते, विद्यार्थ्याला मिळायचे ते संरक्षण मात्र जाते. तक्रार करताना ‘पैसे का कापले’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणत्या महिन्याचे शुल्क कापले, त्याची सूचना मला कोणत्या तारखेला आणि कोणत्या क्रमांकावर पाठवली’ असे विचारावे लागते. अनेक मुलांचे खाते वडिलांच्या जुन्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते आणि सूचना तिकडेच जात राहते.

आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. किमान शिल्लक किती, हे विद्यार्थ्याचे गाव पाहून ठरत नाही. खाते ज्या शाखेत आहे, ती शाखा ग्रामीण, निमशहरी, शहरी की महानगरातली, यावर ते ठरते. गावचे खाते सोयीसाठी पुण्याच्या शाखेत वर्ग करून घेतले की किमान शिल्लक पुण्याची लागू होते.

बँकांनी हे शुल्क आता माफ केले ना?

काहींनी. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये किमान शिल्लक पुन्हा लागू केली आणि त्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये या शुल्कातून गोळा केले. त्यातल्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. ओरड झाल्यावर दर कमी केले गेले आणि मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने सर्व बचत खात्यांवरची ही अट काढून टाकली. कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून, तर पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक आणि बँक ऑफ इंडिया यांनी जुलै २०२५ मध्ये सर्वसाधारण बचत खात्यांवरचे हे शुल्क थांबवले. माफी ज्या तारखेपासून आहे, त्याआधी चढलेल्या थकबाकीचे काय केले, हे शाखेत वेगळे विचारून घ्यावे लागते.

खासगी बँकांचे चित्र वेगळे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या खात्यांसाठी महानगर आणि शहरी शाखांतली किमान सरासरी शिल्लक १० हजारांवरून ५० हजारांवर नेली. टीका झाल्यावर काही दिवसांतच ती १५ हजारांवर आणली. निमशहरी शाखांत ती साडेसात हजार आणि ग्रामीण शाखांत अडीच हजार ठरली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी, किमान शिल्लक किती असावी हा बँकांचा निर्णय आहे, अशी भूमिका घेतली.

रक्कम किती मोठी आहे, याची कल्पना संसदेतल्या उत्तरांवरून येते. तत्कालीन अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून किमान शिल्लक, जादा एटीएम व्यवहार आणि एसएमएस या तीन बाबींखाली मिळून ३५ हजार कोटी रुपये वसूल केले होते. त्यात एकट्या किमान शिल्लक शुल्काचे २१ हजार कोटींहून अधिक होते. ज्याच्या खात्यात पुरेसे पैसे नाहीत, त्याच्याकडूनच हे शुल्क घेतले जाते. बँकिंगमधला हा सर्वात उलटा हिशेब म्हणावा लागेल.

‘शून्य शिल्लक खाते’ म्हणजे नेमके कोणते?

खरी गोम इथे आहे. काउंटरवर ‘झिरो बॅलन्सचे खाते’ म्हटले की त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिले, मूलभूत बचत बँक ठेव खाते. बँकेच्या भाषेत ‘बीएसबीडी’. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये सर्व बँकांना ते देणे बंधनकारक केले. यात किमान शिल्लक नसते. रोख भरणे आणि ऑनलाइन पैसे येणे याला मर्यादा किंवा शुल्क नसते. एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क नसते. महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. हे खाते फक्त गरिबांसाठी नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही, कुणीही मागू शकतो. अट एकच : त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. आधीचे साधे खाते असेल, तर लेखी अर्ज देऊन तेच या प्रकारात बदलून घेता येते. डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या खात्याच्या सोयी वाढवल्या. १ एप्रिल २०२६ पासून यूपीआयसारखे डिजिटल व्यवहार चार वेळच्या मोजणीत धरता येणार नाहीत आणि वर्षाला २५ पानांचे चेकबुकही देण्याचे बंधन आहे.

दुसरे, ‘लहान खाते’. पूर्ण कागदपत्रांशिवाय, स्वतः साक्षांकित केलेल्या फोटोवर उघडलेले. तेही शून्य शिल्लकच असते, पण त्याला मर्यादा असतात. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षभरात जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याला काढता येणारी रक्कम १० हजारांपर्यंत. सरकारी अनुदानाची रक्कम येताना शिल्लकेची मर्यादा आड येत नाही, म्हणून शिष्यवृत्ती जमा होते. पण शुल्क २५ हजार असेल आणि सात दिवसांत भरायचे असेल, तर खात्यातून एका महिन्यात दहा हजारांच्या वर निघत नाही. विद्यार्थ्याला वाटते, सर्व्हर बंद आहे. खरे तर त्याचे खाते अजून ‘लहान’च आहे आणि केवायसीची कागदपत्रे दिली की ते पूर्ण खाते होते.

तिसरे, शाळेत असताना उघडलेले अज्ञानाचे खाते. अठरा पूर्ण झाली की नवी सही आणि कागदपत्रे द्यावी लागतात. तोवर बँक व्यवहार रोखू शकते. हे खाते सज्ञानाचे करताना ते साध्या बचत खात्यात टाकले जाण्याची शक्यता असते आणि मग किमान शिल्लक सुरू होते. अर्जावरच ‘बीएसबीडी प्रकारात बदलावे’ असे लिहिले, तर ही अडचण येत नाही.

चौथे, बँकांनी आपापल्या नावाने काढलेली ‘विद्यार्थी खाती’. यांचे नियम त्या त्या बँकेचे असतात. वय किंवा शिक्षण संपले की सवलत संपते आणि खाते आपोआप साध्या प्रकारात जाऊ शकते.

म्हणून शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न ‘पैसे का कापले’ हा नसावा. ‘माझे खाते कोणत्या योजनेत आहे’ हा असावा. पासबुकाच्या पहिल्या पानावर खात्याचा प्रकार छापलेला असतो. नसेल तर तो लिहून मागता येतो.

शून्य शिल्लक खात्यातूनही पैसे कापले जातात का?

कापले गेले आहेत आणि त्याचा छडा महाराष्ट्रातच लागला. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांनी बँकांच्या या शुल्कांचा अभ्यास केला. स्टेट बँकेच्या मूलभूत खात्यांत महिन्याला चार वेळा पैसे काढल्यानंतर पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावले जात होते. त्यात यूपीआय आणि रुपे कार्डाचे व्यवहारही धरले जात होते. चहाचे दहा रुपये फोनवरून दिले, तरी वर सतरा रुपये सत्तर पैसे. २०१५ ते २०२० या काळात अशा सुमारे १२ कोटी खात्यांतून ३०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाल्याचे या अभ्यासात दाखवले गेले.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपेच्या व्यवहारांवर शुल्क घेणे कायद्यानेच थांबले होते. तरी काही बँकांची वसुली सुरू राहिली. तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी परिपत्रक काढून, त्या तारखेनंतर घेतलेले पैसे परत करा, असे बँकांना सांगितले. हा परतावा ग्राहकांनी अर्ज करून मागितलेला नव्हता. कुणीतरी पासबुकातल्या लहान नोंदी एकत्र करून पाहिल्या, म्हणून तो विषय निघाला.

पासबुकातल्या नोंदी कशा वाचायच्या?

‘एमएबी’ किंवा ‘एएमबी’ असे दिसले, तर ते किमान सरासरी शिल्लकेचे शुल्क. ‘एसएमएस चार्ज’ साधारण तिमाहीला कापला जातो. रिझर्व्ह बँकेने तो प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांच्या प्रमाणात घ्यावा, असे सांगितले आहे. ‘एनएसीएच रिटर्न’ किंवा ‘ईसीएस रिटर्न’ म्हणजे हप्ता परत गेल्याचा दंड. मोबाइल हप्त्यावर घेतलेला असेल आणि ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे नसतील, तर तो लागतो. हा दंड किमान शिल्लक शुल्कापेक्षा कितीतरी मोठा असतो. शून्य शिल्लक खात्यालाही तो चुकत नाही आणि हप्ता देणारी कंपनी आपला दंड वेगळा लावते. शिष्यवृत्तीच्या खात्याला हप्ता जोडूच नये.

‘एटीएम डिक्लाइन’ म्हणजे शिल्लक नसताना एटीएममधून पैसे काढायचा प्रयत्न केल्याचे शुल्क. मोफत संख्येपलीकडच्या एटीएम व्यवहाराला १ मे २०२५ पासून कमाल २३ रुपये आणि वर कर लागतो. एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा करायचे असतात. उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई न मागता द्यायची असते. २०१९ पासूनचा हा नियम अनेक शाखांत कुणी आपणहून सांगत नाही.

मे महिन्याच्या शेवटी २० किंवा ४३६ रुपये गेले असतील, तर ते बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा योजनांचे हप्ते असतात. योजना चांगल्या आहेत, पण त्यासाठी खातेदाराची संमती लागते. आपण सही केलेली नसेल, तर संमतीपत्र दाखवायला सांगता येते आणि कपात बंद करून घेता येते.

पासबुकात अनाकलनीय नोंदी टाळाव्यात, थोडक्यात पण कळेल असा तपशील द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना जुनेच सांगणे आहे. खाते उघडण्याचे फॉर्म, पैसे भरण्याच्या पावत्या, पासबुक हे साहित्य इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असावे, हेही. बँकेत मराठी हा विषय अधूनमधून आंदोलनापुरता गाजतो. शुल्काचा तक्ता मराठीत भिंतीवर लागला, तर त्याचा उपयोग रोज होईल.

वर्षभर व्यवहार नसेल तर खाते बंद पडते का?

दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही, तर साधे खाते निष्क्रिय ठरते. मात्र १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या सूचनांनुसार सरकारी योजनांचे लाभ आणि शिष्यवृत्ती यांसाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती बँकेने वेगळी नोंदून ठेवायची आहेत. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसला, तरी ती निष्क्रिय धरायची नाहीत. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायला पैसे घेता येत नाहीत.

जास्त त्रास होतो तो केवायसीचा. पुण्यात उघडलेले खाते अमडापूरला सुट्टीत आल्यावर बंद पडले, की ‘मूळ शाखेत जा’ हे उत्तर ठरलेले. १२ जून २०२५ च्या सूचनेत रिझर्व्ह बँकेने स्वतःच मान्य केले की सरकारी लाभांच्या खात्यांत केवायसी मोठ्या प्रमाणावर थकली आहे. बँकेच्या कोणत्याही शाखेत केवायसी अद्ययावत करता यावी आणि तपशिलात बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर बँक मित्राकडेही स्वयंघोषणा देता यावी, असे त्यात आहे. कमी जोखमीच्या ग्राहकांचे व्यवहार केवायसीची मुदत संपल्यानंतर लगेच थांबवायचे नाहीत. एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतली नंतरची जी तारीख असेल, तोवर ते चालू ठेवायचे आहेत. जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रामपंचायत स्तरावर बँकांनी केवायसी शिबिरेही घेतली.

पैसे आलेच नाहीत, असेही होते. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात जाते, असा समज असतो. थेट लाभाची रक्कम मात्र आधार ज्या खात्याशी शेवटचे ‘सीड’ झाले, तिथे जाते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झाले, असे नाही. २०१७ मध्ये सिमकार्डासाठी अंगठा देणाऱ्या अनेकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत नकळत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे जाऊ लागले. त्या प्रकरणात रिझर्व्ह बँकेने मार्च २०१८ मध्ये या बँकेला पाच कोटींचा दंड केला. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे, ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये ओटीपी टाकून मोफत पाहता येते.

जिल्ह्यातल्या ग्रामीण बँकेच्या खातेदारांनी एक बदल लक्षात घ्यावा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. महाडीबीटीवरील अर्जात आणि महाविद्यालयाच्या नोंदीत बँकेचे नाव व आयएफएससी कोड चालू आहे का, हे नव्या पासबुकावरून ताडून पाहावे.

शाखेने दाद दिली नाही, तर?

तोंडी तक्रारीला किंमत नसते. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घ्यावी. शाखेत तक्रार पुस्तिका ठेवणे आणि तिची पोच देणे बँकेवर बंधनकारक आहे. अर्जात खात्याचा प्रकार, कापलेल्या रकमा तारखांसह, शिष्यवृत्ती जमा झाल्याची नोंद आणि दोन मागण्या असाव्यात : खाते बीएसबीडीत बदलावे आणि सूचना न देता कापलेले शुल्क परत करावे. लांबलचक कहाणीची गरज नाही. ‘शाखा व्यवस्थापक रजेवर आहेत’ असे ऐकू आले, तर तोच अर्ज बँकेच्या अॅपवरून किंवा ईमेलने पाठवावा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच व्यवस्था आहे. तक्रार ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या संकेतस्थळावर नोंदवता येते. ती मोफत आहे, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते. आधी बँकेकडे तक्रार न करता थेट इथे गेल्यास तक्रार फेटाळली जाते आणि बहुतेक विद्यार्थी इथेच चुकतात. एकाच शाखेबाबत अनेकांची अडचण असेल, तर बुलढाण्यातील अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे महाविद्यालयामार्फत एकत्रित पत्र देता येते.

बुलढाणा जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे आणि घरातला व्यवहार अनेकदा तिथेच असतो. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्याविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे चालत नाही. ती सहकार खात्याकडे, आणि संस्था बहुराज्य असेल तर केंद्रीय निबंधकांच्या यंत्रणेकडे न्यावी लागते. गावातल्या बँक मित्राने अंगठा घेऊन पैसे दिले, तर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी. काढलेली रक्कम, हातात आलेली रक्कम आणि पावतीवरची रक्कम या तिन्ही सारख्या आहेत का, हे तिथल्या तिथे मोजावे. फरक ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून सांगितला, तर ज्या बँकेचे ते केंद्र आहे, त्या बँकेकडे पावतीसह तक्रार करता येते. बँक मित्राच्या कामाची जबाबदारी त्याच बँकेची असते.